रयतवारी मोजणी: इंग्रजांनी दख्खनच्या शेतकऱ्याचं भलं केलं की वाटोळं?

बांधकरी (धागाकर्ता)
"इंग्रजांमुळे कुणब्याला पहिल्यांदा जमिनीचा पक्का कागद मिळाला" असं एक बाजू म्हणते. "रयतवारीनंच त्याला सावकाराच्या दावणीला बांधलं, १८७५चे सावकारांविरुद्धचे दंगे त्यातूनच पेटले" असं दुसरी म्हणते. (रयतवारी म्हणजे मधल्या जमीनदाराशिवाय सरकारनं थेट शेतकऱ्याकडून सारा, म्हणजे जमीनमहसूल, घेणं.) रेल्वे, सतीबंदी, कोहिनूर यांवर धागे रग्गड झालेत, ते इथे नकोत. १८१८ नंतरच्या पुणे-नगर-सोलापूर पट्ट्यापुरतं सांगा: मोजणीत नेमकं काय केलं, सारा कसा ठरला आणि गाडी घसरली कुठे?

जुनं दप्तर
मोजण्या दोन झाल्या आणि त्यांची गल्लत नेहमी होते.

पहिली प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची, १८२७-२८ पासून. त्याचं सूत्र कागदावर झकास होतं: एकूण उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याच्या ५५ टक्के सरकारनं घ्यायचे. पण त्यासाठी प्रत्येक प्रतीच्या जमिनीचा उतारा (पीक किती येतं ते) आणि खर्च बिनचूक कळायला हवा. तो कळणार कुणाकडून? खालच्या कारकुनांकडून. त्यांनी चिरीमिरी घेऊन आकडे फिरवले, मोजणीही चुकली. इंदापुरात सारा झेपेना, तेव्हा वसुलीसाठी मारझोड झाली आणि लोक शेतं टाकून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेले.

दुसरी गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची, १८३५-३६ची, तीही इंदापुरातूनच. यांनी निव्वळ नफ्याचा हिशेब सोडून दिला. तालुक्याची मागची वसुली, पाऊसमान, बाजारपेठेचं अंतर बघून आधी दर ठरवला आणि मग तो जमिनीच्या प्रतीप्रमाणे वाटला. प्रत लावायची पद्धत अशी: शेताचे चौकोन पाडायचे, प्रत्येकात खणून मातीची खोली बघायची. पावणेदोन हात खोल, चांगली काळी माती म्हणजे सोळा आणे प्रत, म्हणजे पूर्ण दर. दीड हात चौदा, सव्वा हात बारा, एक हात दहा, पाऊण हात आठ, अर्धा हात सहा. चुनखडी, वाळू, उतार, पुरानं धुपणं, पाणी साचणं असे दोष ठरलेले. एक दोष दिसला की एक प्रत खाली. म्हणजे हातभर खोल काळ्या मातीत चुनखडी आणि उतार दोन्ही असतील तर दहावरून सहा आणे. तालुक्याचा वरचा दर समजा एकरी बारा आणे असेल, तर त्या तुकड्याला त्याचे सहा-सोळांश, म्हणजे साडेचार आणे.

ठरलेला दर ३० वर्षं कायम ठेवला. सारा उतरला, पडीक जमीन पुन्हा लागवडीत आली. इथवर फायदा निर्विवाद आहे, आणि तो नाकारणाऱ्यांनी प्रिंगलची वर्षं आठवावीत.

एक सांगून ठेवतो: सातबारा थेट या मोजणीतला नाही. सर्वे नंबर, क्षेत्र, आकार (ठरलेला सारा) हे या मोजणीतून आले. हक्कनोंदीचा कायदा १९०३चा.

दस्तऐवज
सगळं मान्य, पण गाडी घसरली ती मोजणीत नाही. ती कोर्टात घसरली.

पूर्वी मिरासदार (वंशपरंपरेनं जमिनीचा हक्क असलेला) गाव सोडून गेला तरी वर्षांनुवर्षांनी परत येऊन वतन मागू शकायचा. उपऱ्याला (बाहेरून येऊन जमीन कसणाऱ्याला) तो हक्क नव्हता. नव्या पद्धतीत दोघेही खातेदार. सारा भरा, जमीन वारसाला द्या, विका, गहाण टाका; नको असेल तर राजीनामा द्या. उपऱ्याच्या दृष्टीनं ही बढतीच. पण विकता येणारी वस्तू जप्तही करता येते. सावकाराला आता पीक नव्हे, जमीनच तारण म्हणून दिसू लागली.

त्यात १८५९चा मुदतीचा कायदा. हेतू चांगला होता, जुनीपुराणी कर्जं उकरून काढू नयेत म्हणून रोख्यावर (कर्जाच्या लेखी कागदावर) दावा करायची मुदत तीन वर्षं. सावकारानं त्याचंच हत्यार केलं. तीन वर्षं भरत आली की व्याज मुद्दलात धरून नवा रोखा. हिशेब करून पाहा: १०० रुपये, महिना दोन रुपये शेकडा. तीन वर्षांनी १७२चा रोखा, सहा वर्षांनी सुमारे २९६, नऊ वर्षांनी ५०९. दामदुपटीच्या जुन्या नियमानं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, म्हणजे १००चे फार तर २०० झाले असते. नियम रद्द झाला नव्हता, पण रोखा बदलला की आधीचं व्याज हेच नवं मुद्दल, मग दामदुपट मोजायची कशावर? कर्जदार कुळाला वाचता येत नाही, कोर्ट लांब, हजर राहिलं नाही की एकतर्फी हुकूमनामा.

१८६७ पासून ३० वर्षांच्या मुदती संपल्या आणि फेरआकारणी आली. मधल्या काळात रेल्वेची कामं आणि अमेरिकन यादवीमुळे कापसाची तेजी, भाव चढलेले. इंदापुरात सारा निम्म्याहून अधिक वाढला, पुढे भाव पडले. सरकारलाही चूक कळली होती: १८७४च्या ऑक्टोबरात वाढीला मर्यादा घातली, तालुक्याला ३३ टक्के, गावाला ६६, एका खात्याला १००. शंभर टक्के ही 'मर्यादा', हे जरा चघळून बघा! १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात दंगा झाला. लोकांचा रोख माणसांपेक्षा रोख्यांवर आणि चोपड्यांवर जास्त होता.

गणिती
@दस्तऐवज, १८७९च्या कायद्याचं श्रेयही द्या की. दख्खन शेतकरी कायद्यानं न्यायाधीशाला रोख्यामागचा पहिल्यापासूनचा व्यवहार उघडून बघायची मुभा दिली, कर्जापायी अटक बंद केली, मुदत वाढवली, आणि जमीन खास गहाण लिहून दिलेली नसेल तर ती विकायची नाही असं ठरवलं.

दस्तऐवज
श्रेय आहेच, अर्धं. सावकारानं रोखा सोडून खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली: कागदावर विक्री, तोंडी वचन की पैसे फेडलेस तर परत देईन. शिवाय दुसरा कर्जदाता उभाच केला नाही. वेडरबर्न या इंग्रज अधिकाऱ्यानं पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना मांडली, ती लंडनहून नामंजूर झाली. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ला आला, दंग्यानंतर २९ वर्षांनी.

येसकर
वरची सगळी चर्चा खातेदाराची चालली आहे. गावकीचं काय?

सारा, हद्दी, दप्तर सगळं नवं केलं, पण वतनी चाकरी (पिढीजात गावकामं) जशीच्या तशी ठेवली. उलट १८७४च्या वतन कायद्यानं ती पक्की केली. सरकारी वसूल तालुक्याला पोचवणं, सांगावे नेणं, साहेबांच्या दिमतीला राहणं ही कामं महारांकडे, वेळेला धरबंध नाही. मोबदला काय? इनामाचा लहानसा तुकडा, जो पिढीगणिक फाटत गेला, आणि गावानं द्यायचं बलुतं (धान्याचा वाटा). म्हणजे चाकरी सरकारची आणि पगार गावाच्या मर्जीवर. गावाशी बिनसलं की बलुतं बंद. आंबेडकरांनी १९२८ला मुंबई कौन्सिलात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते यासाठीच. ही वतनं कायद्यानं गेली १९५८ला.

शाळांचंही तसंच. १८५६ला धारवाडात एका महार मुलाला सरकारी शाळेनं प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारनं हात झटकले. तरीही त्याच राज्यातली कोर्टं आणि कौन्सिल वापरूनच पुढचे लढे झाले: १९२३चा बोले ठराव (सार्वजनिक पाणवठे, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा), त्यावर १९२७चा महाडचा सत्याग्रह, आणि चवदार तळ्याचा दावा १९३७ला हायकोर्टात जिंकला. दार किलकिलं होतं, पण ढकलावं ज्याचं त्यानं. त्यामुळे "इंग्रजांनी दलितांना वर आणलं" हे वाक्य मी तरी वापरत नाही.

बांधकरी
फारच कामाचं. गावाची जुनी प्रतबंदी आज पाहायला मिळते का?

जुनं दप्तर
तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात आधी आकारबंद मागा: सर्वे नंबरवार क्षेत्र, पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) आणि आकार मिळेल. टिपण बुकात शेताचा कच्चा नकाशा आणि साखळीची मापं, गुणाकार बुकात त्यावरून काढलेलं क्षेत्र. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. काही पानं मोडीत निघतील, तेव्हा वाचणारं कुणी बरोबर न्या. एका शिवारातल्या दोन नंबरांच्या एकरी आकारात तिप्पट फरक दिसला तर लगेच लाचलुचपत समजू नका. आधी जाऊन मातीची खोली बघा.