तुमच्या घरी उरलेलं कोण खायचं?

परवा फ्रिज पुसायला काढला. मागच्या कप्प्यात तीन डबे सापडले. आंबलेली मटकीची उसळ, बुरशी धरलेलं ओलं खोबरं आणि फॉइलमध्ये गुंडाळून विसरलेल्या चार पोळ्या. ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकताना जिवावर आलं. लहानपणी नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत असं कधी झालं नाही. तेव्हा फ्रिजच नव्हता. पोळ्या उरल्या की सकाळी फोडणीची पोळी, भात उरला की फोडणीचा भात. अन्न टाकायचं नाही, हा आमच्या घरचा अभिमान होता.

पण त्या बादलीपाशी एक गोष्ट आठवली. ती फोडणीची पोळी सगळ्यांना पुरेल इतकी कधीच नसायची. बाबांना आणि आम्हा पोरांना ताजं, शिळं आईच्या पानात. "मला आवडतं," म्हणायची. आम्ही ते इतकी वर्षं खरं मानलं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न कचऱ्यात जातं, असा अंदाज दिला आहे. त्यात सालं, हाडंही धरलेली आहेत. पण ही सरासरी झाली. कोण टाकतं आणि कोण संपवतं, हे ती सांगत नाही. म्हणून हा धागा. तुमच्या घरी उरलेलं कोण खायचं, आता कोण खातं? घडलेलं लिहा.

*

गाव करमाळा तालुक्यात, नोकरी पिंपरीत.

आमची आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. कामावर सुकडी नावाचं कोरडं खाणं मिळायचं आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो. तिची भाकरी थापता थापता चिरायची, असं ती सांगायची. पुढं विहिरीला पाणी आलं, ऊस आला, घरावर स्लॅब पडला, तरी आजीचा पत्र्याचा डबा तसाच राहिला. उरलेल्या भाकरीचे तुकडे उन्हात खडखडीत वाळवून ती त्यात भरायची आणि कधी आमटीत, कधी ताकात भिजवून खायची. जेवण झालं की ताटात घोटभर पाणी ओतायची, बोटानं ताट फिरवून धुवायची आणि ते पाणी पिऊन टाकायची. पाहुण्यांसमोर आम्हाला लाज वाटायची.

आजी गेली तेव्हा डबा निम्मा भरलेला होता. आईनं ते तुकडे म्हशीला घातले. मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भात टाकतो, हे इथं कबूल करतो.

*

छत्रपती संभाजीनगर.

आमच्याकडे या प्रश्नाचा अर्थ वेगळा होतो. उरलेलं आम्ही खायचो, गावाचं. पणजोबा गावकीची कामं करायचे आणि पणजी संध्याकाळी दारोदार भाकरी मागायला जायची. टोपल्यात पडेल ते शिळं, कधी कधी उष्टंही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, उष्टं-शिळं सोडा, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. ते आमच्या गावापर्यंत पोचायला काही वर्षं गेली. पोचलं त्या दिवशी पणजीनं टोपलं चुलीत घातलं, असं आजोबा सांगायचे. पुढचे कितीतरी दिवस घरात नुसत्या कण्या शिजत होत्या.

म्हणून आमच्या घरात आजही दोन नियम आहेत. ताटात काही टाकायचं नाही आणि कुणाचं उरलेलं घ्यायचं नाही. ऑफिसात वाढदिवस झाला की कुणीतरी म्हणतं, "उरलेलं हाउसकीपिंगच्या लोकांना देऊन टाका." सगळ्यांना वाटतं, चांगलं काम झालं. मी आता केक कापायच्या आधीच त्यांचे वाटे बाजूला काढून त्यांना हाक मारतो. वाया जाऊ नये म्हणून देणं आणि माणूस म्हणून वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घेणाऱ्याला त्या लगेच कळतात.

*

पेडणे, गोवा.

आमच्याकडे शिळ्याला मान आहे. कालची कडी, म्हणजे आदल्या दिवशीचं माशाचं हुमण, मातीच्या भांड्यात आटवून सकाळी पेजेबरोबर. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या घरातही आणि मुंडकाराच्या, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या घरातही. त्यासाठी भांडणं व्हायची, आईच्या वाट्याला तर कधी उरायचीच नाही.

*

वीस वर्षं आचारी, नागपूर.

पंगत होती तेव्हा वाढपी पानाकडे बघून वाढायचा. आग्रहाची जिलबी पानात राहायची हे खरं, पण बाकी हिशेबात असायचं. आता पस्तीस पदार्थ मांडावे लागतात आणि प्रत्येकाला प्रत्येक पदार्थ चाखून बघायचा असतो. यजमान पाचशे पानं सांगतात, येतात चारशे. भात आणि पनीर सगळ्यात जास्त उरतं.

लोक विचारतात, वाटून का टाकत नाही? काउंटरवर मांडलेलं पुढे देता येत नाही. पातेल्यात झाकून ठेवलेलं, हात न लागलेलं असेल तेच द्यावं, आणि मे महिन्यात नागपुरात तेही दोन तासांत हलवावं लागतं. वरात तीन तास उशिरा आली की सगळं आंबतं. वस्तीतल्या लग्नात मी बुंदी, वांग्याची भाजी, वरण-भात करतो. तिथं उरलेलं त्याच रात्री गल्लीत घरोघर जातं, नवरदेवाचे काका स्वतः डबे घेऊन फिरतात. मोठ्या लॉनवर बायकोनं पिशवी काढली तर नवरा डोळे वटारतो.

*

दिंडोरी तालुका, नाशिक.

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये शहरात टोमॅटो किलोला दोनशेपर्यंत गेला, तेव्हा लोक एकेक टोमॅटो जपून वापरत होते. महिना-दीड महिन्यात भाव असा पडला की वीस किलोच्या क्रेटमागे तोडणी आणि भाडंसुद्धा सुटेना. मी बांधावर ओतला. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, अन्नाचा अपमान. चार महिने रात्री उठून पाणी दिलंय त्याला. ओतताना घरातलं कुणी एकमेकांशी बोलत नव्हतं.

*

पुणे. माझी आई पाच घरी काम करते, तिच्या परवानगीनं लिहिते.

मी शाळेत होते तेव्हा एका घरातून रोज डबा यायचा. सुरुवातीला आम्ही खूश असायचो. मग आईनं झाकण काढून आधी वास घ्यायला सुरुवात केली. चार दिवसांची भाजी, कडक झालेला भात, एकदा तर बाळानं अर्धवट खाल्लेली खीर. "नको" म्हटलं तर माजली म्हणतील, काम जाईल. म्हणून ती हसून घ्यायची आणि पुलाजवळच्या कचराकुंडीत ओतायची. घरी येऊन डबा घासायची, दुसऱ्या दिवशी परत करायला. त्या बाईंच्या घरातून तेव्हा काहीच वाया जात नव्हतं.

आता एका वहिनींकडे वेगळं आहे. त्या सकाळीच विचारतात, "मावशी, काल रात्रीची आमटी आहे, आम्हीपण आत्ता तीच खाणार आहोत. घेणार का?" आई कधी घेते, कधी म्हणते, आज घरी पिठलं टाकलंय. मग दोघी चहा पितात.