मदत हवी आहे: जेलमधून सुटलेल्या भावाचं नाव रेशनकार्डात परत कसं लावायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापुरात विडी घरकुलला राहतो. भाऊ तीन वर्षं आत होता, आता सुटून आलाय, यंत्रमागावर कामाला लागलाय. तो आत असताना ई-केवायसीला अंगठा कोण देणार, तर कार्डातलं नाव उडालं. आता दुकानदार म्हणतो केस झालेल्याला धान्य मिळत नाय. खरंय का ओ हे? 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात तर असं काय नाहीये, उत्पन्न बघून माणशी 5 किलो देतात. शिक्षा भोगून झाली की, आता पोटाला पण शिक्षा का? आई विड्या वळते, कार्ड केशरी आहे, त्या कार्डाचा बारा अंकी नंबर पण आहे. नाव चढवायला आधार पुरतं का सुटकेचा कागद पण मागतात? कुणी केलं असेल तर सांगा, सोमवारी हाफ डे टाकून जाणार आहे.