अनुभव धागा : कन्व्हर्टिबल स्पोर्ट्स कार घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांत काय काय जाणवलं?

गाडी घ्यायच्या आधी आपण वाचतो ते बहुतेक सगळं हॉर्सपॉवर आणि शून्य ते शंभर किती सेकंदांत याबद्दल असतं, आणि उघड्या टपाची गाडी दारात उभी राहिल्यावर जे जे लक्षात येतं त्यातलं निम्मंही त्यात नसतं असं माझं ठाम मत झालंय, म्हणून हा धागा काढतेय. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे किंवा होती त्यांनी सुरुवातीचे अनुभव लिहा. नवी असो की सेकंडहॅण्ड, रूफ कापडी असो की पत्र्याचं घडी होणारं, सगळं चालेल. आवडलं तेही लिहा आणि खटकलं तेही. घ्यायचा विचार करणाऱ्यांना त्याचाच उपयोग होतो.

सुरुवात मीच करते.

माझी माझ्दा एमएक्स-5 आहे, 2015 ला आलेल्या पिढीतली, कापडी रूफ आणि मॅन्युअल गिअर. रूफला मोटर नाही. आरशाच्या वर मधोमध खटका आहे तो सोडायचा, रूफ डोक्यावरून मागे न्यायचं आणि वरून दाबायचं, टक्क झालं की बसलं. सीटवरून न उठता एका हाताने होतं. बटणाची रूफ मी बघितली होती पण मला हेच जास्त आवडलं, सिग्नल लाल असेपर्यंत उघडून होतं आणि त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही.

पहिल्याच आठवड्यात जाणवलं की वेगाचा अंदाज पार बदलतो. 60 ला 90 असल्यासारखं वाटतं, कारण सीट जमिनीला टेकल्यासारखी खाली, वारा आणि रस्त्याचा आवाज थेट कानात. त्यामुळे मजा यायला पळवावीच लागत नाही. वळणावळणाच्या रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, कायद्यात राहून, एवढा आनंद मला दुप्पट ताकदीच्या बंद गाडीत कधी मिळाला नाही. 1989 ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा दाखवली तेव्हापासून त्यांनी मूळ मांडणी बदललेली नाही, इंजिन पुढे पण पुढच्या चाकांच्या ॲक्सलच्या मागे सरकवलेलं, ताकद मागच्या चाकांना, वजन पुढेमागे जवळपास निम्मं निम्मं आणि एकूण वजन टनाच्या आसपास. चालवताना हे सगळं कमरेला कळतं, म्हणजे मागची चाकं काय करतायत ते सीटमधून समजतं.

दुसरं म्हणजे वास. ओल्या मातीचा, कापलेल्या गवताचा, कोणाच्या तरी चुलीचा, आणि पुढे डिझेलचा ट्रक असेल तर त्याचाही. झाडीतून जाताना हवा एकदम गार होते आणि उघड्यावर आलं की परत कोमट, हे बंद गाडीत कधी कळलंच नव्हतं.

आणि वारा समोरून लागत नाही, मागून लागतो! विंडस्क्रीनवरून गेलेली हवा सीटच्या मागे खाली वळते आणि उलटी मानेवर येते. म्हणून बाजूच्या काचा वर ठेवायच्या आणि सीटच्या मागे विंड डिफ्लेक्टर (वारा अडवणारी जाळी किंवा पट्टी) लावायचा, एवढ्याने केस आणि गप्पा दोन्ही जागेवर राहतात. थंडीत पायावर हीटर लावून रूफ उघडं ठेवलं तर फार सुखाचं वाटतं. मर्सिडीजने तर 2004 च्या एसएलकेमध्ये हेडरेस्टच्या खालून मानेवर गरम हवा सोडायची सोय दिली होती.

* * *

माझी सेकंडहॅण्ड, बरीच जुनी, नाव लिहीत नाही कारण दोष गाडीपेक्षा आधीच्या देखभालीचा होता.

घेतल्यावर पहिला मोठा पाऊस झाला आणि पॅसेंजरच्या पायाखालचा गालिचा ओला. सगळ्यांनी सांगितलं की रूफ फाटलं असणार, नवं घाल. रूफला काही झालं नव्हतं. कापडी रूफवर पडलेलं पाणी कडेने घरंगळून सीटच्या मागे एका पन्हळीत जमतं आणि तिथून दोन बाजूंच्या नळ्यांतून गाडीखाली जातं, निदान बऱ्याच गाड्यांत रचना अशीच असते. पानं, माती, कचरा साचून त्या नळ्या तुंबल्या की पाणी भरतं आणि मग आत उतरतं. काही मॉडेलमध्ये रूफची मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डबा नेमका त्याच भागात खाली असतो, म्हणजे साध्या कचऱ्याचं बिल मोटरचं येतं. काहींत पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत मुरतं आणि पत्रा आतून गंजतो, बाहेरून रंग फुगेपर्यंत पत्ता लागत नाही.

मी मऊ लवचिक नळी घालून दोन्ही बाजू मोकळ्या केल्या, सीट काढून गालिचा आणि त्याखालचा फोम बाहेर वाळवला (फोम वरून कोरडा दिसतो पण आत पाणी धरून ठेवतो, हे फार महत्त्वाचं). तेव्हापासून थेंब नाही.

जुनी बघायला जाल तेव्हा गाडीत बसल्या बसल्या आधी वास घ्या. कुबट वास आला की गालिचा उचलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सीटच्या मागे बाटलीभर पाणी हळूहळू ओता आणि ते दोन्ही बाजूंनी खाली पडतंय का ते वाकून बघा. विकणारा नको म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

मागची काच प्लास्टिकची असेल तर आणखी एक गोष्ट, ती कडाक्याच्या थंडीत घडी करायची नाही, तडकते. काहींना चेन असते, ती उघडून काच सपाट आडवी करायची मग रूफ खाली, म्हणजे घडीची रेघ पडत नाही.

* * *

होंडा एस2000. लहानपणापासून हवी होती आणि मिळाली, त्यामुळे मी तटस्थ लिहू शकेन अशी अपेक्षा ठेवू नका.

1999 ला आलेली गाडी, 2 लिटरचं इंजिन, टर्बो नाही आणि 9000 आरपीएमपर्यंत जातं. सुरुवातीला लोक विचारायचे की एवढं नाव आहे तर शहरात अशी साधी का वाटते, आणि खरंच 3000-4000 वर ती एखाद्या शहाण्या हॅचबॅकसारखी चालते, खेच अशी नाहीच. मग साधारण 6000 च्या पुढे कॅमचं प्रोफाइल बदलतं, म्हणजे इंजिनाच्या झडपा जास्त आणि जास्त वेळ उघडायला लागतात, आणि आवाजच वेगळा होतो, आधी गुरगुर असते ती एकदम किंचाळीत जाते, आणि रूफ उघडं असताना तो आवाज कुठल्याही स्पीकरमधून न येता थेट इंजिन आणि एक्झॉस्टमधून तुमच्यापर्यंत येतो. बोगद्यात दुसरा गिअर टाकून एकदा हे ऐकलं की पुढचा आठवडा चांगला जातो. माझ्याकडे म्युझिक सिस्टम आहे, ती शेवटची कधी लावली आठवत नाही.

गिअरचा दांडा आखूड आणि हातात बसतो, मनगटाच्या हालचालीत गिअर पडतो. हे एक सुख असं आहे की ज्यासाठी मी ट्रॅफिकमध्ये क्लच दाबायलाही तयार आहे.

सस्पेन्शन कडक. खराब रस्त्यावर पाठीला कळतं. आणि जमीन ओली असेल तर मागची चाकं लगेच सुटू बघतात, जुन्या गाड्यांत स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) नाही हे लक्षात ठेवा. टायर चांगले घ्या, तिथे वाचवू नका.

* * *

दोनच मुद्दे, ऊन आणि आवाज. पळत्या गाडीत वारा लागतो त्यामुळे कातडी भाजतेय हे कळतच नाही, संध्याकाळी कपाळ आणि हाताची वरची बाजू लाल. विंडस्क्रीनची काच दुहेरी थराची असते ती बरंचसं अल्ट्राव्हायोलेट अडवते पण ते समोरून येणारं, डोक्यावरून येणाऱ्याला कोण अडवणार. सनस्क्रीन, मागे पट्टा असलेली टोपी, पाणी. आणि हायवेवर तासन्‌तास उघडं चालवणार असाल तर कानाची काळजी घ्या, 85 डेसिबलच्या वर रोज बराच वेळ राहिलं तर कानाला इजा होऊ शकते. मी लांबच्या प्रवासात हायवेपुरतं रूफ बंद करतो आणि छोट्या रस्त्याला लागलो की उघडतो. त्यात काही कमीपणा नाही.

* * *

पत्र्याच्या घडीच्या रूफबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमची चार सीटची आहे, मूळ कूपे (पक्क्या टपाची, दोन दारांची) गाडीवरून बनवलेली.

घडी होऊन डिकीत जाणारं पत्र्याचं रूफ ही कल्पना जुनी आहे, प्यूजोने 1934 लाच केलं होतं, पण 1996 च्या मर्सिडीज एसएलकेपासून ती परत जोरात आली आणि मग कितीतरी कंपन्यांनी काढलं. बंद असताना अगदी नेहमीची गाडी, पावसाचा आवाज कमी, बाहेर पार्क करताना कोणी ब्लेड मारेल ही भीती नाही. आम्हाला घराबाहेर गाडी ठेवावी लागते त्यामुळे हाच मुद्दा निर्णायक होता.

किंमत मोजावी लागते ती डिकीत. रूफ खाली आलं की उरते ती एक फट, तीही वाकून हात घालावा लागेल अशी. आत एक पडदा किंवा पट्टी असते, ती जागेवर ओढलेली नसेल तर रूफ हलतच नाही, सामान चिरडू नये म्हणून. प्रवासाला निघताना सामान रूफ उघडून झाल्यावर किती मावतं ते बघून भरायचं, हा आमच्या घरातला नियम झालाय.

आणि थरथर. खराब रस्त्यावर विंडस्क्रीनची चौकट आणि आरसा हलल्यासारखा दिसतो. बुटाच्या खोक्याचं झाकण काढलं की खोकं पिळता येतं ना, तसंच गाडीचं टप काढलं की होतं. म्हणून कंपन्या दाराखालची पट्टी जाड करतात, खाली तिरक्या पट्ट्या जोडतात आणि गाडी तिच्याच कूपे भावापेक्षा जड होते. सुरुवातीपासून रोडस्टर म्हणूनच आखलेल्या दोन सीटच्या गाड्यांत हे खूप कमी जाणवतं. टेस्ट ड्राइव्ह घेताना मुद्दाम खड्ड्यांच्या रस्त्याने न्या, रूफ उघडं आणि बंद दोन्ही.

* * *

चालवणाऱ्याचेच अनुभव येतायत, मी शेजारच्या सीटचं लिहितो, म्हणजे आईचं. आई पंचाहत्तरीच्या पुढची, गुडघे दुखतात. गाडी एवढी खाली की बसायचं कसं हा प्रश्न होता. जमलं ते असं, आधी रूफ उघडायचं, मग तिने रस्त्याकडे तोंड करून सीटवर टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. उतरताना उलट. रूफ उघडं असलं की डोकं वाकवावं लागत नाही, त्यामुळे वयस्कर माणसांना बंद स्पोर्ट्स कारपेक्षा ही सोपी जाते.

आईला वेगाशी काही देणंघेणं नाही. ती म्हणाली, "अरे, एवढी वर्षं गाडीतून फिरले पण वर कधी बघितलंच नाही." आता ती वाटेतली झाडं ओळखते आणि मला नावं सांगते, कुठे घार फिरतेय ते दाखवते. अनोळखी लोक सिग्नलला बोलतात, मुलं हात करतात, ती सगळ्यांना हात करते. बाबा गेल्यापासून ती घराबाहेर पडायला नाही म्हणायची. मी गाडी माझ्या हौसेसाठी घेतली होती पण आता रविवारी सकाळी ती माझ्या आधी तयार होऊन बसते.

* * *

मी विकली, त्याचंही कारण असू दे इथे. गाडी वाईट नव्हती, घरात ती एकच गाडी होती आणि ते झेपलं नाही. बाळ झालं. दोन सीटच्या गाडीत बेबी सीट पुढेच लावावी लागते आणि मागे तोंड करून लावायची तर पॅसेंजर एअरबॅग बंद करता यायलाच हवी, आमच्यात ती सोय नव्हती, विषय संपला. शिवाय रूफ बंद असताना तिरकं मागचं दिसत नाही, लेन बदलताना मान पूर्ण वळवावी लागते. स्टेपनी नाही, पंक्चर किट, आणि टायर बाजूने फाटला तर किट काही कामाचं नाही. दुसरी गाडी घरात असती तर विकली नसती. मुलगी मोठी झाली की परत घेणार, हे बायकोनेच आधी बोलून दाखवलंय.

* * *

मी परत, सुरुवात केलेली. मजा येतेय वाचायला आणि आईवालं वाचून खूप छान वाटलं. दोघांनी विचारलंय त्याची उत्तरं देते.

पाऊस आला तर? गाडी चांगल्या वेगात असेल आणि पाऊस हलका असेल तर थेंब विंडस्क्रीनवरून वरच्यावर निघून जातात, बसलेले कोरडे राहतात. थांबलात की भिजलात. बटणाची रूफ बऱ्याचदा ठरावीक वेगापर्यंतच चालतात, साधारण 50 पर्यंतची मर्यादा पुष्कळ गाड्यांत आहे, काहींना पूर्ण थांबावं लागतं, तुमचं कुठलं ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. ओलं रूफ घडी करून ठेवायचं नाही, बुरशी धरते. नाइलाज असेल तर घरी पोचल्या पोचल्या उघडून वाळवा. धुताना मऊ ब्रश, साधा कापडाचा क्लीनर, प्रेशर वॉशर शिवणीपासून लांब. पाणी थेंब थेंब उभं राहायच्या ऐवजी मुरायला लागलं की वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारायची वेळ झाली.

दुसरं, बऱ्याच दिवस उभी राहणार असेल तर? बॅटरीला मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा. यातल्या बऱ्याच दारांना काचेची चौकट नसते, दार उघडताना काच आपोआप बोटभर खाली येते आणि लावल्यावर वर जाऊन रबरात बसते. बॅटरी उतरली की काच खाली येत नाही आणि दार ओढलं तर रबर नाहीतर काच दुखावते. अशा वेळी रबर हाताने हळूच बाजूला करत दार सावकाश उघडायचं. रबरांना अधूनमधून सिलिकॉनचं ग्रीस लावलं तर ती मऊ राहतात आणि करकरत नाहीत.

आणि ज्यांनी अजून लिहिलं नाही त्यांनी लिहा. इंजिन सीटच्या मागे असलेल्या गाड्यांबद्दल, पोर्शे बॉक्स्टर किंवा लोटस एलिसवाल्यांकडून, एकही अनुभव आलेला नाही अजून.