छापील पत्रकासाठी ३०२ लावा
पत्रकावर वेबसाइटचा छोटा पत्ता छापायचाय, तो लांब पत्त्याकडे वळवताना सर्व्हरवर ३०१ हा कोड लावू की ३०२, असा प्रश्न आहे. ३०२ लावा. ३०२ म्हणजे तात्पुरता बदल, ३०१ म्हणजे कायमचा बदल. ब्राउझर हा कायमचा बदल लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला न विचारताच जुन्या लांब पत्त्यावर जातो. मग तुम्ही पान हलवलंत तरी त्या गिऱ्हाइकाला जुनंच उघडतं.

सांगलीत हळदीच्या एका पेढीच्या पत्रकांवर आम्ही लांब पत्ते छोटे करून देणाऱ्या एका फुकट सेवेचा छोटा पत्ता छापला होता. सेवाच बंद पडली, गठ्ठेच्या गठ्ठे वाया गेले. अजून जीव हळहळतो. तेव्हा पत्ता स्वतःच्याच डोमेनवर, म्हणजे स्वतः नोंदवलेल्या वेबनावावर ठेवा, आणि शेवटी पूर्णविराम छापू देऊ नका. लोक तोही टाइप करतात.