चिनी पाक आणि आमचा मध: इतवारीत भाव टिकवायचा कसा?

मधपेटीवाला (काटोल)

नमस्कार मंडळी. काटोल-नरखेड पट्ट्यात माझ्या मेलिफेराच्या (पाळीव युरोपीय मधमाशीच्या) पेट्या असतात. आंबिया बहाराला संत्र्याच्या बागांत, मग जिथे फुलोरा सापडेल तिथे. परवा नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक दुकानात मध घेऊन गेलो आणि 320 रुपये किलो सांगितला. शेटजींनी काउंटरखालून डबा काढून ताटलीत धार सोडली. लालसर, नितळ, अजिबात न तुटणारी. म्हणाले, "हा 130 ला घरपोच येतो, वर्षभर असाच राहतो. आता तुमचा दाखवा." डिसेंबरच्या थंडीने माझी बरणी खालून अर्धी रवाळ झालेली. त्या पांढऱ्या थरावर बोट ठेवून म्हणतात, "साखर कोण टाकतं ते दिसतंच आहे."

शेजारी उभी असलेली दोन गिऱ्हाईकंही हसली. राग त्याचा आला.

130 मध्ये मध निघतो कसा, की तो मधात मिसळलेला चिनी साखरेचा पाकच आहे, हे मला कोणी समजावून सांगा. चौकटी, मेणपत्रे, रात्रीतून पेट्या हलवायचा टेम्पो, पावसाळ्यात फूल नसताना माश्या जगवायचा खर्च, वर बागायतदाराने न सांगता फवारणी केली की पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा. (काही बागायतदारांना अजूनही वाटतं माशी मोहोर खाते. तो वेगळा विषय आहे, त्यावर स्वतंत्र धागा काढावा लागेल.) आमच्याकडचे काही जण म्हणतात, सगळे मिळून निवेदन देऊ, परदेशी मधावर कर वाढवा म्हणून. त्याने खरंच काही होईल? आणि माझा मध खरा आहे हे सिद्ध करायचं तर कुठे, कसं?

निवृत्त_केमिस्ट (धरमपेठ)

आधी त्या पांढऱ्या थराचं बोलू. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन मुख्य साखरा. ग्लुकोज पाण्यात कमी विरघळतो, त्यामुळे थंडीत तोच दाणे धरून खाली बसतो. मोहरीचा मध तर फार लवकर थिजतो. भेसळीचा पाक फ्रुक्टोजकडे झुकवून बनवता येतो, म्हणून तो वर्षभर नितळ राहू शकतो. मात्र न थिजणारा प्रत्येक मध खोटा, असंही समजू नका. काही फुलांचा मध महिनोन् महिने पातळ राहतो. तुमची बरणी कोमट पाण्यात ठेवा, परत धार येईल. उकळू मात्र नका. तापवलं की एचएमएफ (साखर तापून तयार होणारं एक रसायन) वाढतं, आणि त्याची कमाल मर्यादा किलोमागे 80 मिलिग्रॅम आहे.

पेल्यातल्या पाण्यात थेंब टाकणं, काडीला लावून पेटवणं, कुत्रा चाटतो का बघणं, हे सगळं सोडून द्या. आजचा पाक यातलं सगळं पास होतो.

खरी गंमत प्रयोगशाळेत आहे. ऊस आणि मका या सी-4 वनस्पती, म्हणजे हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने घेणाऱ्या. त्यांच्या साखरेत जड आणि हलक्या कार्बनचं आपसातलं प्रमाण वेगळं येतं, म्हणून ती भेसळ पूर्वीपासून पकडता येते. तांदूळ मात्र दुसऱ्या, सी-3 गटातला, आणि माश्या ज्या फुलांवर जातात तीही बहुतेक सी-3. म्हणून तांदळाचा पाक त्या चाचणीतून निसटला. त्याची खूण शोधणारी चाचणी आली, तर ती खूणच नसलेला पाक बाजारात आला. 2020 च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 13 ब्रँडचे 22 नमुने तपासले, सगळ्या चाचण्यांत मिळून 5 टिकले. एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात मधाची सगळी रासायनिक ठेवण वाचणारी चाचणी, जर्मनीत करून घ्यावी लागली. त्यांनी स्वतः चीनमधून पाकाचा नमुना मागवला, तर तो रंगाचं पिगमेंट म्हणून कस्टममधून आला. तोच पाक मधात निम्मा मिसळला तरी आपल्याकडच्या ठरलेल्या चाचण्यांत मध शुद्ध निघाला.

तुमच्या हातात असलेला मार्ग म्हणजे अन्न सुरक्षा कायद्याचं कलम 40. कोणताही ग्राहक फी भरून माल अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं, आणि माल कायद्यात न बसणारा निघाला तर फी परत मिळते. पण वर सांगितलं ते लक्षात ठेवा. चांगल्या प्रतीचा पाक असेल तर तो 130 वालाही पास होऊन येईल.

आणि एक सावधगिरी तुमच्यासाठी. पावसाळ्यात माश्यांना साखरेचा पाक देत असाल तर तो संपल्याशिवाय वरची मधकोठी (ज्यातला मध काढतो तो मजला) चढवू नका. उसाची साखर मधात उतरली तर सी-4 चाचणीत पहिला तुमचाच नमुना अडकेल.

किराणा_तिसरी_पिढी (इतवारी)

भाऊ, दुकानदाराले नावं ठेवणं सोपं आहे. माझंही दुकान इथंच आहे, तुमचे शेटजी मी नाही, शप्पथ. पण आमची अडचण ऐका. तो डब्यातला मध पुरवणारा बिल देते, बॅच नंबर देते, लॅबचा रिपोर्ट देते, बारा महिने माल देते. तुम्ही पेप्सीच्या बाटलीत मध आणता, लेबल नाही, एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) नंबर नाही. उद्या तपासणीवाले आले तर मी त्यांना काय दाखवू, तुमचा चेहरा?

दुसरं म्हणजे 320 मध्ये ठोक बाजारात येऊच नका. ठोकवाला मिठाईवाल्याले आणि औषधी बनवणाऱ्याले विकते, तिथं फक्त गोडी आणि भाव पाहतात. लहान बरणी करा, पाव किलोची. वर मोठ्या अक्षरात 'काटोलचा संत्रा बहार, थंडीत रवाळ होतो' असं आधीच छापून टाका. जे तुमच्या मधातलं खोट म्हणून दाखवतात तेच लेबलवर असलं की गिऱ्हाईक विचारते, मग समजावता येते. माझ्याकडे मेळघाटातल्या आग्या मोहोळाचा मध येते, तो पातळ असते, फसफसते, लोकं त्याले पाणी मारलं म्हणत होते. लेबल लावल्यापासून भांडण कमी झालं.

बंदर_ते_बाजार

कर वाढवण्याच्या निवेदनाबद्दल. नैसर्गिक मधावर आपल्याकडे मूळ आयात शुल्क आधीच 60 टक्के आहे. ते आणखी वाढवून काय साधणार? जो माल पाक म्हणून किंवा पिगमेंट म्हणून येतो त्याला मधाचं शुल्क लागतच नाही.

अमेरिकेने ही चूक करून पाहिली आहे. 2001 मध्ये त्यांनी चिनी मधावर अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे फार स्वस्तात ओतलेल्या परदेशी मालावरचं जादा शुल्क, बसवलं. मग तोच मध भारत, मलेशिया, रशिया, दक्षिण कोरिया असा फिरून, नवी लेबलं लावून अमेरिकेत उतरायला लागला. मूळ देश कळू नये म्हणून परागकणसुद्धा गाळून काढायचे. 2010 मध्ये शिकागोत एका जर्मन व्यापारी कंपनीच्या अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले गेले, सुमारे 8 कोटी डॉलरचं शुल्क बुडवल्याचे. पुढे तिथल्याच मधपाळांच्या अर्जावरून 2022 मध्ये भारत, व्हिएतनाम, अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या मधावरही शुल्क लागलं. तेव्हा भारताचा दर सहा टक्क्यांच्या आसपास होता, व्हिएतनामचा साठच्या घरात. म्हणजे त्यांच्या नजरेत स्वस्त मध ओतणारे आपण!

मला सगळ्यात खटकतं ते पुढचं. अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय मधाला ऑगस्ट 2020 पासून एनएमआर सक्तीची झाली. मार्च 2024 मध्ये सरकारने निर्यातीला टनामागे किमान 2000 डॉलर भाव ठरवला, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने किलोला 165 रुपयांच्या वर. देशात विकायच्या मधाला ना ती चाचणी, ना तो भाव. निवेदन द्यायचंच असेल तर हे मागा: जी चाचणी परदेशी गिऱ्हाइकासाठी करता ती नागपूरच्या गिऱ्हाइकासाठीही करा, आणि मिश्रणाच्या मधावर कोणत्या देशाचा किती टक्के ते छापा. युरोपने 2024 मध्ये तसा नियम केला आहे.

मधपेटीवाला (काटोल)

सगळ्यांचे आभार. इतवारीवाल्या भाऊंचं बोलणं झोंबलं, पण बाटलीचं बरोबर आहे. नोंदणीचा अर्ज या आठवड्यात टाकतो, बरण्याही बघून ठेवल्या आहेत.

केमिस्ट काका, पाक मी श्रावणातच बंद करतो, मधकोठी फार नंतर चढते, तरी या वेळी तारखा वहीत लिहीन. कलम 40 वापरून त्या डब्याच्या मागे लागणार नाही. तुम्हीच म्हणता तो पास होईल, मग त्याच्या हातात मीच प्रमाणपत्र दिल्यासारखं होईल. त्यापेक्षा तेवढे पैसे माझ्या मधाच्या एनएमआरवर घालतो. एकट्याला ते परवडणारं नाही. काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वरकडे कोणाच्या पेट्या असतील तर या बहाराचा मध एकाच वेळी काढू, एकत्र करून त्याची एक बॅच करू, एकच नमुना पाठवू, खर्च किलोप्रमाणे वाटून घेऊ. मात्र ज्यांनी जानेवारीत पाक दिला असेल त्यांनी आधीच सांगा, त्यांचा मध वेगळा ठेवावा लागेल.

निवेदनातून कराचा मुद्दा काढून टाकला. बंदर भाऊ, एनएमआर आणि देशाच्या टक्केवारीचे दोन परिच्छेद तुम्ही लिहून द्याल का? माझं मराठी अर्जात गेलं की फार तापतं.