केस निकाली निघाली, तरी घर नाकारायचं?

सोमलवाडा_घरमालक: एजंट ई-कोर्ट्सवर (कोर्टातल्या केसेस दाखवणारी सरकारी साइट) नाव टाकतात, फौजदारी केस दिसली की भाडेकरू बाद. माझ्या मते बरोबरच आहे. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन दिली तरी ती नुसती नोंद, माणूस चांगला असल्याचा दाखला नव्हे. मग मालकाने बघायचं नाही तर कोणी?

सिव्हिल_लाइन्स: बघा ना, पण नीट वाचा. नावाने शोधलं की त्याच नावाचे पाच-सहा वानखेडे निघतात आणि पत्ता कोणाचाच दिसत नाही. पोलीस ठाणं, अपराध क्रमांक, वर्ष टाका. 'निकाली' म्हणजे शिक्षा नव्हे. आदेश उघडा: निर्दोष सुटला, डिस्चार्ज झाला (आरोप निश्चित होण्याआधीच सुटला) की सरकारने खटला मागे घेतला?

दोषारोपपत्रच गेलं नसेल तर समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल, बघा. बी म्हणजे तक्रार खोटी. सी म्हणजे गैरसमज किंवा दिवाणी वाद. ए म्हणजे गुन्हा खरा, छडा लागला नाही. ए आणि बी एकच समजणारे एजंट कमी नाहीत! शिवाय पोलिसांनी समरी पाठवली म्हणजे संपलं नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती मंजूर करावी लागते, फिर्यादी विरोध करू शकतो.

सोमलवाडा_घरमालक: एवढं कोण शोधत बसणार? पोलिसांच्या साइटवर एफआयआर आहे, पुरे.

सिव्हिल_लाइन्स: एफआयआर म्हणजे फक्त फिर्यादीचं म्हणणं. पुढे काय झालं ते त्यात येत नाही. भाडेकरूने कोर्टाच्या नक्कल विभागात केस नंबर देऊन अर्ज करावा, कोर्ट फी भरून आदेशाची प्रमाणित प्रत काढावी आणि टोकन द्यायच्या आधीच दाखवावी. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने एफआयआर रद्द केला असेल (जुन्या सीआरपीसीचं कलम ४८२, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ५२८), तर तो आदेश हायकोर्टाच्या साइटवर मिळतो.

प्रतापनगर_ताई: दोघांचंही पटत नाही. मिटलेली केस सांगायची सक्तीच कशाला? शेजाऱ्याशी नळावरून भांडण झालं, त्याचा भाड्याशी काय संबंध? विचारायचंच तर चेक बाउन्सचं, कलम १३८चं विचारा. तिथे पैसे बुडवण्याचा प्रश्न असतो. आणि काका, लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाचंच काम आहे. ते किती जण करतात?

सोमलवाडा_घरमालक: करार नोंदवतो मी. प्रत दाखवली तर विचार करीन, पण केस सुरू असेल तर नाही म्हणजे नाही.

सिव्हिल_लाइन्स: सुरू असलेल्यातही आरोप निश्चित झालेत की नुसत्या तारखा पडताहेत, ते त्याच पानावर खाली दिसतं.