पावसात फोटो काढताय का कोणी? माझ्या फोटोत पाऊसच येत नाहीये

कर्वेनगरचा_बेडूक:
मे महिन्यात सेकंडहँड डीएसएलआर घेतला आणि रविवारी सिंहगडावर गेलो, धो धो पाऊस, पुणे दरवाज्यापर्यंत पार चिंब, मजा तर जबरी आली पण घरी येऊन बघतो तर सगळे फोटो पांढरेफटक, पाऊस औषधालाही नाही. गाडीत एसी होता, बाहेर काढल्या काढल्या लेन्सवर वाफ धरली, ती मी शर्टाने पुसली (घाला शिव्या). आई म्हणते दसऱ्यापर्यंत कपाटात ठेव. काय करू?

भिजकी_छत्री:
शर्टाने?? असो.
अरे पांढऱ्या ढगासमोर पांढरा थेंब दिसणार कसा, मागे काहीतरी काळं पाहिजे. जंगली महाराज रोडवर पाताळेश्वरला जा, तो गोल नंदीमंडप आहे ना, त्याच्या आतला अंधार मागे घे आणि त्याच्यासमोर पडणारा पाऊस टिप, तू लेण्याच्या ओसरीत कोरडा उभा. शटर १/६० सेकंदाच्या आसपास उघडं ठेवलंस की पावसाच्या रेघा येतात, १/५०० च्या वर गेलास की थेंब सुटे सुटे दिसतात. मला रेघाच आवडतात, थेंब सुटे आले की फोटोवर धूळ बसल्यासारखी वाटते. आणि संध्याकाळी उजेड समोरून येऊ दे, रिक्षाचा हेडलाईट, भुर्जीच्या गाडीवरचा बल्ब काहीही चालेल, पाऊस नुसता चमकतो.

मंडईवाला:
वाफेचं सांगतो, गार कॅमेरा दमट हवेत आला की काच धरणारच. पोचायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एसी बंद, खिडकी खाली. बाकी हॉटेलातली शॉवर कॅप कॅमेऱ्यावर चढवायची आणि लेन्स हूड कायम लावलेला. पावसात लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही.
भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा फोटो हवा असेल तर संभाजी पुलावरनं काढ, खडकवासल्यातनं पाणी सोडलेलं असताना खाली नदीपात्रात उतरू नकोस, दरवर्षी तिथे गाड्या अडकतात आणि बघायला आपण पुणेकर जमतोच.

टेकडीवरची:
आईला सांग कपाटच जास्त वाईट, बंद अंधारात ओल राहिली की लेन्सला बुरशी लागते, माझी पन्नास एमएम अशीच गेली, आत कोळ्याचं जाळं पसरल्यासारखं दिसायला लागलं. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, बास. तांदळात ठेवू नकोस, पीठ बसतं सगळीकडे.

कर्वेनगरचा_बेडूक:
काल पाताळेश्वरला जाऊन आलो!! चाळीसेक फोटोंत एक जमलाय. मंडपाच्या खांबाला टेकून एक कुत्रं बसलं होतं, त्याच्या कानापासनं शेपटीपर्यंत मागे सगळं काळं आणि पुढे तिरप्या रेघा. शटर १/४०. हात हलला म्हणून कुत्रं जरा पुसट आहे पण रेघा आल्यात. ओली पानं मात्र फार चकाकतात, सीपीएल (चकाकी कापणारा फिल्टर) घ्यावा का?

भिजकी_छत्री:
घे, पानांवरची चकाकी जाऊन हिरवा दाट येतो. पण एक-दीड स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड), मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १६०० ला न्यावा लागेल. आणि तो फोटो टाक की इथे, नुसतं वर्णन काय करतोस.